डॉक्टर, पेशंट आणि मधला पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजारपणात पैशाचा विषय निघाला की घरातले लोक आवाज खाली करतात. ‘आत्ता पैशाचं नको, आधी माणूस घरी येऊ दे.’ त्या वेळी ते बरोबरच असतं. पुढे माणूस घरी येतो, बिलं फाइलला लागतात आणि मग शंका सुरू होतात. ती तपासणी खरंच लागत होती का? दोन दिवस जास्त ठेवलं का? त्याच डॉक्टरकडे का पाठवलं? रुग्णहक्कांच्या कामात हे प्रश्न मला वर्षानुवर्षं ऐकू येतात. त्यांतले नेहमीचे इथे घेतले आहेत. भर महाराष्ट्रावर आहे, कारण तिथली व्यवस्था मला जवळून माहीत आहे.

आमचे डॉक्टर चांगले आहेत. त्यांना पैसे कुठून मिळतात याचा विचार आम्ही कशाला करायचा?

चांगल्या डॉक्टरलाही जागेचं भाडं, सिस्टरांचे पगार आणि बँकेचा हप्ता असतो. आणि वैद्यकशास्त्रात बऱ्याचदा एकच बरोबर उत्तर नसतं. गुडघा दुखत असेल तर व्यायाम सांगून सहा आठवडे वाट बघता येते, एमआरआय काढता येतो, सांध्यात इंजेक्शनही देता येतं. यातला कुठलाच मार्ग सरळसरळ चूक म्हणता येत नाही. अशा जागी मन कुठे झुकणार हे पैसा हळूच ठरवतो, आणि पुष्कळदा ते डॉक्टरच्याही लक्षात येत नाही.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली हा पेच नेमका मांडला होता. काय घ्यायचं हे बाजारात गिऱ्हाईक ठरवतं, दवाखान्यात ते विकणाराच ठरवतो, कारण माहिती त्याच्याकडे असते. म्हणून हा व्यवहार विश्वासावर चालतो. डॉक्टरच्या स्वभावाची चौकशी करण्यापेक्षा, त्याला नेमकं कशाचे पैसे मिळतात हे बघणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. आपल्याकडे नुसत्या सल्ल्याला फारच कमी पैसे मिळतात. पैसे मिळतात ते सुईला, तपासणीला, ऑपरेशनला, बेडला आणि पेशंट पुढे पाठवण्याला. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

‘कट’ म्हणजे नेमकं काय? तो कोण कोणाला देतं?

पेशंट पाठवल्याबद्दल मिळणारा हिस्सा. फॅमिली डॉक्टरने स्पेशालिस्टकडे, स्पेशालिस्टने मोठ्या हॉस्पिटलकडे किंवा कोणीही सोनोग्राफी, एमआरआय, पॅथॉलॉजी लॅबकडे पेशंट पाठवला की महिन्याअखेरीस हिशेब होतो. कधी पाकीट येतं, कधी ‘प्रोफेशनल फी’ म्हणून रीतसर चेक. मोठ्या हॉस्पिटलांचे पीआरओ, म्हणजे जनसंपर्क अधिकारी, तालुक्याच्या गावापर्यंत फॅमिली डॉक्टरांच्या भेटी घेत फिरतात. हा पैसा शेवटी पेशंटच्या बिलातूनच जातो. त्याची पावती मात्र त्याला कधीच दिसत नाही.

महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जातात. रायगडातल्या खेड्यांमधले विंचवाचे पेशंट वाचवण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी एका पेशंटला एमआरआयसाठी पाठवलं, तर त्या सेंटरकडून त्यांच्या नावाने १२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी तो परत केला आणि २०१३ मध्ये महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे रीतसर तक्रार केली. पद्धत सगळ्यांना माहीत होती, पण एका डॉक्टरने चेक हातात धरून ती कागदावर आणली. तेवढं करायलाही किती धाडस लागतं, हे वैद्यकीय व्यवसायातल्या कोणालाही विचारून बघा.

पुढे २०१७ मध्ये मुंबईत एका हृदयरोग रुग्णालयाने डॉक्टरांना कमिशन दिलं जात नाही अशा अर्थाचे फलक लावले, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेनेच हरकत घेतली. त्या गदारोळात राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला. त्यात तुरुंगवासाचीही तरतूद होती. मसुद्याच्या पुढे तो गेला नाही.

पण हे बेकायदेशीर नाही का?

डॉक्टरांच्या आचारसंहितेत, म्हणजे तेव्हाच्या भारतीय मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत, पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेणं आणि देणं दोन्हीला मनाई आहे. अडचण अशी की हे नियम नोंदणीकृत डॉक्टरवर लागू होतात. पैसे देणारी लॅब, सेंटर किंवा हॉस्पिटलची कंपनी कौन्सिलच्या हाताबाहेर राहते. शिवाय पुरावा दोघांकडेच असतो आणि दोघांचाही फायदा गप्प राहण्यात असतो.

यातली खरी झळ तरुण स्पेशालिस्टला बसते. नवीन गावात पाटी लावली आणि कट द्यायचा नाही असं ठरवलं, तर पहिली दोन-तीन वर्षं ओपीडी रिकामी राहते. ‘अमुक डॉक्टर चांगले आहेत हो, पण त्यांचा व्यवहार नाही’ हे वाक्य अशा डॉक्टरांबद्दल बोललं जातं. त्यातूनही जे टिकतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

तपासणी गरजेची आहे की कटासाठी, हे आम्ही कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही. एक प्रश्न मात्र नेहमी विचारा : ‘डॉक्टर, याचा रिपोर्ट नॉर्मल आला तर औषध बदलणार का? आणि वाईट आला तर?’ दोन्ही वेळी उपचार तोच राहणार असेल तर तपासणी पुढे ढकलता येईल का, असं विचारायला हरकत नाही. दुसरं लक्षण म्हणजे ठरावीक लॅबचाच आग्रह. एखादी लॅब खरोखर चांगली असते म्हणूनही डॉक्टर तिचं नाव सांगतात, तेव्हा नाव सुचवल्याबरोबर संशय घेऊ नका. पण दुसऱ्या मान्यताप्राप्त लॅबचा स्वच्छ रिपोर्ट न बघताच बाजूला ठेवला, तर सावध व्हा.

आमच्या गावात डॉक्टर आल्यागेल्याला सलाईन लावतात. का?

कारण नुसत्या बोलण्याचे पैसे आपण देत नाही.

खेड्यातल्या दवाखान्यात अर्धा तास बसून बघा. अंगदुखी आणि कणकण घेऊन शेतकरी येतो. डॉक्टर तपासून सांगतात, ‘व्हायरल आहे, दोन दिवस आराम करा, पाणी भरपूर प्या, ताप आला तर ही गोळी.’ पेशंट उठत नाही. ‘सुई न्हाई का मारायची?’ सुई मारली की शंभराची नोट निघते. सलाईन लावलं, त्यात पिवळं व्हिटॅमिन सोडलं, की चारशे-पाचशेही कुरकूर न करता निघतात, आणि घरी जाऊन तो सांगतो की डॉक्टरच्या हाताला गुण आहे. ज्याने सल्ला देऊन परत पाठवलं, त्याने ‘काहीच केलं नाही’.

तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या, उलट्या नसणाऱ्या माणसाला साध्या अशक्तपणात बाटलीतल्या मीठ-साखरेच्या पाण्याने वेगळी ताकद येत नाही. डॉक्टरला हे माहीत असतं. पण समोरच्या गल्लीतला दुसरा डॉक्टर सलाईन लावतोच आहे. अँटिबायोटिकचं आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनचंही असंच चालतं. ही सवय दोघांनी मिळून लावली आहे आणि त्यात आपला वाटा निम्मा आहे. न टोचता नीट समजावून सांगणाऱ्या डॉक्टरला पूर्ण फी देऊन बघा.

बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांच्या ऑपरेशनबद्दल वाचलं होतं. त्यात दोष डॉक्टरांचाच ना?

डॉक्टरांचा आहे. पण तिथेच थांबलो तर पुढचं ऑपरेशन थांबणार नाही.

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक ‘कोयता’. हंगाम सुरू होण्याआधी मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची आणि सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर राहून ती फेडायची. एक दिवस काम चुकलं की ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे दंड म्हणून कापले जातात. पाळीच्या दिवसांत फडावर ना आडोसा, ना पाणी, ना संडास. अंगावरून जाणं आणि ओटीपोटात दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं. हंगाम संपवून गावी आल्यावर बाई डॉक्टरकडे जाते. सोनोग्राफी होते. ‘पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं जातं. लग्न लवकर झालेलं, मुलं झालेली, पाळी गेली तर खाडाही गेला. ऑपरेशनचे पैसे पुन्हा मुकादमाच्या उचलीतून.

आता यातला प्रत्येकाचा हिशेब बघा. कारखान्याला अखंड तोड हवी. मुकादमाला खाडा नको. त्या बाईला दंड आणि त्रास दोन्ही टाळायचे आहेत. खासगी डॉक्टरला गोळ्या लिहून पाठपुरावा करण्यापेक्षा ऑपरेशनमध्ये कितीतरी पट पैसे आहेत. सगळ्यांचे हिशेब एकाच दिशेला गेले आणि तिशीतल्या, काही ठिकाणी पंचविशीतल्या बायकांची गर्भाशयं निघाली. ज्यांची अंडाशयंही काढली गेली, त्यांच्या हाडांची झीज पन्नाशीऐवजी तिशीतच सुरू झाली. अशी बाई पुन्हा उसाची मोळी डोक्यावर घेते, तेव्हा तिच्या पाठीचं काय होत असेल याचा विचार करा.

जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सरकारने सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यानंतर जिल्ह्यात अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. अट आवश्यकच होती. पण खाड्याचा दंड, फडावरचा संडास आणि हंगामात जागेवर मिळणारी स्त्रीरोगतज्ज्ञ हे प्रश्न परवानगीच्या कागदाने सुटत नाहीत.

खासगीत सिझेरियन जास्त होतात ते पैशासाठीच का?

देशभरचे आकडे असे : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत खासगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के बाळंतपणांत सिझेरियन झालं होतं, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. गुंतागुंतीच्या पुष्कळ केसेस सरकारीतच जातात, तरीही एवढी तफावत. तेव्हा हे सगळं वैद्यकीय कारणांनीच घडतं असं मानता येत नाही.

पण फीपेक्षा वेळ मोठा आहे असं माझं मत. एकट्याने नर्सिंग होम चालवणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला नॉर्मल डिलिव्हरीसाठी अख्खी रात्र जागावं लागतं, सकाळी ओपीडी असतेच. सिझेरियन तासाभरात होतं आणि वेळ ठरवता येते. शिवाय बाळाला काही झालं तर ‘वेळेवर सिझर का केलं नाही’ म्हणून केस होते, ‘का केलं’ म्हणून सहसा होत नाही. आणि मुहूर्त काढून आणणारी कुटुंबंही आहेत. नर्सिंग होम निवडताना विचारा : रात्री लेबर रूममध्ये प्रशिक्षित नर्स असते का, आणि डॉक्टर दोन-तीन जण मिळून काम करतात का? जिथे पाळी वाटून घेता येते तिथे वाट बघणं परवडतं.

मेडिक्लेम आहे हे रिसेप्शनवर सांगावं का?

कॅशलेस हवं असेल तर सांगावंच लागतं. मात्र त्यानंतर काय बदलतं हे माहीत असू द्या.

पहिली गोष्ट, ॲडमिशन. बहुतेक पॉलिसी ओपीडीचा खर्च देत नाहीत, ॲडमिट झालात तर देतात. मग बाहेरून होणाऱ्या तपासण्यांसाठीही माणसं दोन दिवस भरती होतात. यात हॉस्पिटलचा फायदा आहे, पण ‘डॉक्टर, मेडिक्लेम आहे, ॲडमिटच करून घ्या’ असं सांगणारे पेशंटही मी भरपूर पाहिले आहेत. पैसे कंपनीचे आहेत असं वाटतं. पुढच्या वर्षी प्रीमियम वाढून येतो तेव्हा ते कोणाचे होते ते कळतं.

दुसरी गोष्ट, खोली. बहुतेक खासगी हॉस्पिटलांत खोलीचा दर्जा वाढला की सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळ्यांचे दर वाढतात. ऑपरेशन तेच, टेबल तेच. आणि बऱ्याच पॉलिसींत खोलीभाड्याला मर्यादा असते, विमा रकमेच्या रोज एक टक्का अशी. समजा पॉलिसी ५ लाखांची, म्हणजे रोज ५,००० ची खोली मान्य. तुम्ही ८,००० ची घेतली. तुम्हाला वाटतं वरचे ३,००० रोज खिशातून जातील. तसं होत नाही. औषधं, इम्प्लांट, तपासण्या सोडून बाकीचं बिल कंपनी पाचास आठ या प्रमाणात कापते. असं बिल २ लाखांचं असेल तर कंपनी सव्वा लाख देणार आणि ७५,००० तुमचे. डिस्चार्जच्या दिवशी कॅश काउंटरवर होणाऱ्या भांडणांमधली किती तरी याच एका अटीवरून असतात. ॲडमिशनच्या वेळी पॉलिसीतली खोलीची मर्यादा बघा आणि तीच खोली मागा.

मोठ्या हॉस्पिटलांत डॉक्टरांना टार्गेट असतं, हे खरं का?

सगळीकडे असतं असं नाही, आणि कागदावर ‘टार्गेट’ हा शब्द क्वचितच असतो. रीत साधारण अशी : नवा कन्सल्टंट रुजू होताना एक-दोन वर्षांची ‘मिनिमम गॅरंटी’, म्हणजे ठरावीक किमान रक्कम, मिळते. त्यानंतर जेवढं काम, त्यातला वाटा. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये ओपीडीतल्या किती पेशंटचं ॲडमिशनमध्ये किंवा ऑपरेशनमध्ये ‘कन्व्हर्जन’ झालं याचे आकडे समोर येतात. पेशंटला ‘ऑपरेशन नको, फिजिओथेरपी करा’ म्हणणारा सर्जन उत्तम डॉक्टर असेल, पण त्या तक्त्यात तो तळाला दिसतो. करार वाढवायची वेळ आली की हे बोललं जातं. म्हणून तातडी नसलेल्या मोठ्या ऑपरेशनआधी सेकंड ओपिनियन घ्याच, आणि तेही ज्याला ते ऑपरेशन करून काही मिळणार नाही अशा डॉक्टरकडून. तसं आधीच सांगून टाका : ‘ऑपरेशन तुमच्याकडे करायचं नाही, फक्त मत हवं आहे, त्याची फी देतो.’

डॉक्टर महागडाच ब्रँड का लिहितात? आणि औषधं हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती करता येते का?

एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, दवाखान्यात येतो तो सॅम्पल, कॉन्फरन्सचा खर्च किंवा भेटवस्तू घेऊन. भेटवस्तू आणि कॉन्फरन्सचा खर्च डॉक्टरांनी घेऊ नये असा नियम आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च कंपनीला करात वजा करता येणार नाही, आणि हा पैसा शेवटी औषधाच्या किमतीतून पेशंटकडूनच वसूल होतो. २०२४ ची औषध कंपन्यांसाठीची विपणन संहिता मात्र कंपन्यांच्या संघटनांनीच आपापल्या सभासदांवर देखरेख ठेवावी अशा धर्तीची आहे.

दुसरा प्रकार जास्त गुपचूप चालतो. एखाद्या छोट्या कंपनीकडून ठरावीक ब्रँड बनवून घ्यायचा, तो फक्त आपल्याच मेडिकलमध्ये मिळेल अशी व्यवस्था करायची. छापील किंमत खरेदीच्या कितीतरी पट. चिठ्ठीवरचं औषध गावातल्या दुसऱ्या कुठल्याच दुकानात मिळत नसेल, तर डॉक्टरला त्याचं मूळ औषधी नाव ठळक अक्षरांत लिहून मागा. २०१६ पासून डॉक्टरांच्या नियमांतही जेनेरिक नाव सुवाच्य लिहिण्याची अपेक्षा आहे. चिठ्ठीवरचा ब्रँड दुकानदार आपल्या मनाने बदलू शकत नाही, म्हणून नाव डॉक्टरकडूनच लिहून घ्यावं लागतं.

आता हॉस्पिटलच्याच मेडिकलचं. तशी सक्ती करता येत नाही. तसे फलक लावण्याचे आदेश राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानेही दिले आहेत. आयसीयूत रात्री दोन वाजता लागणारं इंजेक्शन आतूनच घ्यावं लागेल, त्यात वाद नको. पण डिस्चार्जनंतरची महिन्याची औषधं जनऔषधी केंद्रातून घ्यायला कोणी अडवू शकत नाही.

सरकारने दर बांधून दिले तर प्रश्न सुटेल का?

थोडा सुटतो, मग दुसरीकडून उगवतो. दोन उदाहरणं सांगतो.

१३ फेब्रुवारी २०१७ रोजी हृदयाच्या स्टेंटच्या, म्हणजे रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीच्या, किमतीवर मर्यादा आली. औषधलेपित स्टेंट, जो लाखाच्या पुढे लावला जात होता, तो २९,६०० वर आला आणि साधा ७,२६० वर. हजारो कुटुंबांचे पैसे वाचले, यात शंका नाही. पण पुढच्याच वर्षी औषध किंमत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा आढळला. सिरिंज आणि कॅन्युलासारख्या किरकोळ वस्तूंकडे कोण बघतं?

दुसरं कोविडचं. २१ मे २०२० ला महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के बेडना दर बांधून दिले : वॉर्डला रोज ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. बिलं तपासायला ऑडिटर नेमले, लोकांना पैसे परत मिळाले. खासगी रुग्णालयांचे दर ठरवता येतच नाहीत असं जे वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं, ते तेव्हा खोटं ठरलं. त्याच वेळी पीपीई किट या दरांच्या बाहेर होतं, आणि मग एकेका पेशंटच्या बिलात किटच्या ओळीच ओळी दिसू लागल्या. तेव्हा दर बांधा, जरूर बांधा, पण बिलं तपासणारा माणूसही कायम हवा.

‘तुमचा आजार फुले योजनेत बसत नाही’ असं हॉस्पिटलने सांगितलं. खरं असेल का?

असू शकतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक उपचारांची यादी आणि प्रत्येकाचं ठरावीक पॅकेज आहे. आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे. पण पॅकेजचा दर हॉस्पिटलच्या खर्चाला पुरत नसेल किंवा सरकारकडून पैसे उशिरा येत असतील, तर हॉस्पिटलला योजनेतला पेशंट नकोसा होतो. मग ‘योजनेचे बेड भरलेत’, ‘हा प्रकार यादीत नाही’, ‘वरचे एवढे भरा’ अशी उत्तरं मिळतात. त्यांची पैसे थकल्याची तक्रार खरी असते, तरी त्याची भरपाई पेशंटकडून करणं चूकच. योजनेतल्या उपचारासाठी वर पैसे मागता येत नाहीत. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा, आणि तिथे दाद लागली नाही तर १५५३८८ वर फोन करा. फोन केल्याचं काउंटरवर सांगितलं की पुष्कळदा बेड सापडतो.

धर्मादाय हॉस्पिटलने अनामत मागितली. ते तसं करू शकतात का?

मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवावी लागते. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. तातडीच्या वेळी अनामतीसाठी अडवून न ठेवता पेशंटला आधी स्थिर करणं बंधनकारक आहे. या संस्थांना जमिनीत, करांत सवलती मिळाल्या आहेत त्या याच बदल्यात. इथे कोणाच्या उपकाराचा प्रश्न नाही, तेव्हा संकोच करू नका. रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला घेऊन थेट वैद्यकीय समाजसेवकाला भेटा.

सरकारी दवाखान्यात तरी पैशाचा प्रश्न नाही ना?

तिथे उलटा आहे. दहा पेशंट बघा किंवा शंभर, पगार तोच, म्हणून गरज नसलेलं ऑपरेशन सहसा होत नाही. पण थांबून नीट बोलण्याचंही बक्षीस नाही. औषधं नसली की ‘बाहेरून आणा’. जागा रिकाम्या असल्या की असलेला डॉक्टर पिचतो. तरीही सांगतो, मोठ्या ऑपरेशनबद्दल सेकंड ओपिनियनसाठी सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीसारखी जागा नाही. रांग मोठी असते, पण तुमचं ऑपरेशन करून त्या डॉक्टरला एक रुपयाही मिळणार नसतो.

म्हणजे सगळे डॉक्टर लुटारूच का?

अजिबात नाही, आणि असं बोलणं थांबवलं पाहिजे. अभिमत विद्यापीठात एमबीबीएसला वर्षाला वीस लाखांच्या पुढे फी भरून बाहेर पडलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून आपण शंभर रुपयांत सेवाभावाची अपेक्षा करतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, ते योग्यच झालं. पण केसच्या आणि मारहाणीच्या भीतीने डॉक्टरही स्वतःला वाचवण्यासाठी तपासण्या लिहू लागले. हल्ले इतके वाढले की राज्याला २०१० मध्ये डॉक्टरांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा करावा लागला. फोडलेल्या काचांची किंमतही पुढच्या पेशंटच्याच बिलात येते.

पैशाचं विचारलं तर डॉक्टर रागावतील. कसं विचारू?

साधं आणि आधी. ‘डॉक्टर, आमची ऐपत एवढी आहे. यात काय बसतं ते सांगा.’ मी पाहिलेले बहुतेक डॉक्टर हे ऐकून मोकळे होतात, कारण तेही अंदाजच करत असतात. ‘हे तुमच्या आईला असतं तर काय केलं असतं?’ हाही प्रश्न अनेकदा कामाचा ठरतो. ॲडमिशनआधी खर्चाचा लेखी अंदाज मागा. नियमानुसार डॉक्टरांनी आपली फी फलकावर लावायची असते, आणि २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार महाराष्ट्रातल्या रुग्णालयांनी प्रमुख सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. फलक दिसला नाही तर ‘कुठे लावलाय?’ एवढंच विचारा.

फॅमिली डॉक्टर ठेवून काही फरक पडतो का?

पडतो, जर तुम्ही त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे देत असाल तर. घरातल्या सगळ्यांना पंधरा वर्षं ओळखणारा डॉक्टर ‘हे ऑपरेशन नको’ म्हणतो, तेव्हा त्याच्याकडे तुमचा पुढच्या पंधरा वर्षांचा विश्वास पणाला असतो. फोनवर दहा मिनिटं सल्ला घेतलात तर त्याची फी पाठवा. मोठ्या हॉस्पिटलची फाइल त्यांच्याकडे नेऊन वाचून घ्या आणि त्याचेही पैसे विचारून द्या. हेच पैसे आपण वाचवत राहिलो, तर त्यांना ते पाकिटातून मिळवावे लागतात.

फसवलं गेल्यासारखं वाटतंय. कुठे जायचं?

आधी कागद गोळा करा. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत इनडोअर केसपेपर, म्हणजे भरती असतानाच्या उपचारांच्या नोंदी, मिळायला हव्यात असा नियम आहे. अर्जाची पोच घ्या. बिल बाबवार मागा, एकत्रित आकडा स्वीकारू नका. मग तक्रार कशाची आहे त्यावर जागा ठरते. डॉक्टरच्या वागणुकीची किंवा कमिशनची असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. बिलाची, दरफलकाची किंवा मृतदेह अडवून ठेवल्याची असेल तर शुश्रूषागृहांची नोंदणी करणारं कार्यालय, म्हणजे महापालिका हद्दीत आरोग्य अधिकारी आणि बाहेर जिल्हा पातळीवरचे आरोग्य अधिकारी. धर्मादाय खाटांची असेल तर धर्मादाय आयुक्त. नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे दोन वर्षांची मुदत असते. तक्रारीत राग कमी आणि तारखा जास्त लिहा. आणि कागद हातात आल्यावर, तक्रार करण्याआधी, दुसऱ्या एका डॉक्टरला पूर्ण फी देऊन ते दाखवा. निम्म्या वेळा कळतं की उपचार बरोबर होते, फक्त कोणी समजावून सांगितलं नव्हतं. उरलेल्या वेळी तक्रारीत नेमकं काय लिहायचं ते कळतं.